पन्हाळ्याचं घर विकायचंय? रंगाची बादली नंतर घ्या

गणपती उठले की कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या आमच्या रंगाच्या दुकानात एक ठरलेलं गिऱ्हाईक सुरू होतं. पन्हाळ्याला, आंब्याला नाहीतर गगनबावड्याच्या वाटेवर घर असतं, वडिलांनी हौसेनं बांधलेलं. मुलं पुण्यात, नातवंडांना तिथं रेंज मिळत नाही म्हणून कंटाळा. वर्षातनं एकदा-दोनदा कुलूप काढायचं, कुबट वासानं नाक धरायचं आणि संध्याकाळी खाली यायचं. मग घरात ठरतं, विकून टाकू. आणि विकायचं म्हटलं की पहिली खरेदी रंगाची. "दादा, बाहेरचा भारीतला रंग द्या, वीस लिटर. दिवाळीत बघायला येणारेत."

रंग विकणं हाच माझा धंदा, तरी सांगतो: दिवाळीच्या आत डोंगरावरच्या घराला रंग देऊ नका. जांभ्याची भिंत चार महिने पाणी पीत असते. ऑक्टोबरच्या उन्हात ती वरनं सुकलेली दिसते, आत मात्र ओल तशीच असते. त्यावर प्लॅस्टिक पेंट मारला की आतल्या ओलीला बाहेर पडायची वाट बंद. मग ती रंगालाच ढकलते. आधी फुगे, मग पोपडे, त्यामागं पांढरा लोणा. दिवाळीत चकाचक केलेलं घर संक्रांतीला नागिणीसारखं कात टाकायला लागतं, आणि नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा बघायला येतं, सोबत मेव्हण्याला घेऊन.

भिंत सुकली की नाही हे बघायला यंत्र लागत नाही. दीड-दोन फुटांचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारी कडांनी चिकटपट्टीनं घट्ट बसवा आणि एक दिवस-रात्र सोडा. आतल्या बाजूला दव धरलं तर अजून थांबायचं. जानेवारी-फेब्रुवारीत बहुतेक भिंती तयार होतात. आणि जुन्या जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा चढवू नका, कितीही गवंडी म्हणू दे "मजबूत होतंय की". चुन्याच्या गिलाव्यातनं भिंतीला ओल सोडता येते, सिमेंटच्या गिलाव्यात ती कोंडते. चुन्यात काम करणारी माणसं कमी राहिलीत हे खरं, पण अगदीच नाहीत असं नाही.

रंग हा शेवटचा खर्च. पहिला खर्च पाण्याचा.

आपल्याकडं पाऊस सरळ पडत नाही. वाऱ्याबरोबर आडवा येतो, नैऋत्येकडनं, आणि घराच्या पश्चिम-दक्षिण अंगाला झोडपून काढतो. गंमत अशी की दरीचा देखावाही बऱ्याच घरांना त्याच अंगाला असतो. म्हणून घर सुधारायचं म्हटलं की पहिली कल्पना निघते ती पश्चिमेला मोठी काच. लावा, माझी ना नाही. पण सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी साठतं आणि ते बाहेर पडायला पट्टीला बारकी भोकं असतात. बसवणारा पोरगा सिलिकॉन मारताना तीच भोकं बुजवून जातो. मग पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत, थेट गादीवर. बसवताना शेजारी उभं राहा, तांब्याभर पाणी त्या पट्टीत ओता आणि कुठनं निघतंय ते बघा, मगच पैसे द्या.

दुसरी गोष्ट छज्जाची. छज्जाच्या खालच्या बाजूला, पुढच्या कडेपासनं इंच-दीड इंच आत, बोट बसेल एवढी खाच असायला पाहिजे. पाणी छज्जाच्या कडेवरनं खाली उतरतं आणि पोटाला चिकटून आत आत सरकत भिंतीपर्यंत पोचतं. खाच असली की ते तिथं अडतं आणि थेंब होऊन खाली पडतं. जुन्या घरांत ही खाच असते, फक्त दर रंगाच्या वेळी पुट्टीनं भरत भरत ती नाहीशी झालेली असते. मी गिऱ्हाईकाला सांगतो, स्टुलावर चढा आणि छज्जाच्या पोटावरनं बोट फिरवा. खाच भरलेली असली तर एका दिवसाच्या मजुरीत उकरून निघते, आणि खिडकीवरच्या त्या पिवळ्या डागाचं निम्मं कारण जातं.

छपराचं थोडक्यात. वासे-रिपा धडधाकट असतील तर मंगलोरी कौलं उतरवू नका. डोंगरावर घर घेणाऱ्याला कौलंच हवी असतात, पत्र्याखाली झोपायचं असतं तर तो खालीच राहिला असता. एप्रिलमध्ये शाकारणी करून घ्या, वाळवी बघा, माकडांनी उधळलेली कौलं बदला आणि पन्नासएक जादा कौलं मागच्या अंगणात रचून ठेवा. घेणाऱ्याला ती दाखवा, त्याला बरं वाटतं. पत्रा असेल आणि गळत असेल तर सगळ्यावर डांबर फासण्याआधी स्क्रू बघा. खालचा रबरी वॉशर उन्हानं कडक होऊन तडकतो आणि तिथनं गंजाचा ओघळ सुटतो. बहुतेक वेळा वॉशर आणि स्क्रू बदलून भागतं. स्लॅब असेल तर आधी ढाळ तपासा. ढाळ नसलेल्या स्लॅबवर कितीही भारी कोटिंग मारलं तरी पाणी उभं राहणार ते राहणारच.

घराच्या मागं उतार कापून बांधलेली धारण भिंत असेल तर तिच्यातल्या पाणी निघायच्या नळ्या उघड्या आहेत का ते बघा. माती आणि मुळं शिरून त्या बंद होतात, मग भिंतीमागं पाणी तुंबतं आणि भिंत पोट काढते. असं पोट दिसलं तर गवंड्याला नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. आणि खोदकामाची माती दरीकडं ढकलायची सवय सोडा. जुलै २०२१ च्या पावसात पन्हाळ्यावर जायचा मुख्य रस्ताच खचला, गाड्या खाली ठेवून लोक चालत वर गेले. तेव्हापासून घेणारा आतल्या फरशीच्या आधी मागचा उतार बघतो, आणि बरोबर करतो.

वीजही बघून घ्या. अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल उन्हाळ्यात आटलेली असते, आणि वळवाच्या विजा येतात त्या नेमक्या एप्रिल-मेमध्ये. वायरमनकडनं तपासून घ्यायला फार खर्च नाही.

आता परवानगी. पन्हाळगड पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. प्राचीन वास्तूंच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम चालत नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच करायचं. १०० मीटरच्या आतलं घर १६ जून १९९२ च्या आधीचं असेल तर दुरुस्तीची परवानगी मागता येते. पण ती दुरुस्तीची. पाडून परत बांधणं किंवा वर एक खोली चढवणं त्यात बसत नाही. म्हणून विकायला काढण्याआधी गच्चीवर शेड मारून "दोन रूम जादा" दाखवायच्या भानगडीत पडू नका. पुढचा वकील पहिलं तेच विचारणार. जुन्या घरफाळ्याच्या पावत्या फेकू नका. घर १९९२ च्या आधीचं आहे हे दाखवायला त्या कामाला येतात.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तेव्हापासून एजंट लोक सांगतात, थांबा, रेट डबल होणार. होईल किंवा नाही होणार, मी ज्योतिषी नाही. पण वारशाच्या भरवशावर गळकं घर आणखी पाच वर्षं कुलपात ठेवलं तर घराचं काय होतं हे मला माहीत आहे. बंद घर राहत्या घरापेक्षा लवकर कुजतं.

माझं खरं म्हणणं पुढं आहे, आणि ते ऐकून एजंट माझ्यावर हसतात: घर विकायचं असेल तर पावसाळ्यात दाखवा.

माझ्या थोरल्या आत्तीचं घर पन्हाळ्यावर होतं. मामा, म्हणजे तिचे यजमान, गेल्यावर तिला एकटीला तिथं जमेना. एजंट म्हणाला, डिसेंबरमध्ये दाखवू, गुलाबी थंडी, सकाळचं धुकं, तबक बागेत एक फेरफटका मारून आणू. आम्ही फेब्रुवारी ते मे काम उरकलं आणि जुलैत, ऐन धो धो पावसात बोलावलं. इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले नवरा-बायको आले. वाघबिळापासनं पुढं काही दिसत नव्हतं, गाडीचे दिवे लावून वर पोचले. आत्ती म्हणाली, "पाहुणं, आधी चहा घ्या, पाऊस उघडला की बाहेरनं बघा."

"नको आत्ती, पाऊस हाय तवरच बघायचं. उघडल्यावर सगळीच घरं चांगली दिसत्यात."

त्यांनी पश्चिमेच्या खिडकीखाली तळहात टेकवून धरला, मग दुसऱ्या हाताशी चोळून बघितला. बाई झोपायच्या खोलीत गेल्या, कपाट उघडलं, सगळ्यात खालच्या कप्प्यातनं घडी घातलेली वाकळ काढली आणि तोंडाशी धरून वास घेतला. नवऱ्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, "चालंल." त्या घराचा सौदा माझ्या मते त्या वाकळेवर ठरला. पुढं त्यांनी फक्त न्हाणीघराच्या जुन्या पाइपलाइनचे पैसे कमी करून मागितले. ते रास्त होतं, दिले.

एक गोष्ट मात्र आत्तीनं आपणहून सांगितली: वाऱ्याचा पाऊस आला की स्वयंपाकघराच्या दक्षिण कोपऱ्यात ओल येते, मामांनी बरेच उपाय केले, पूर्ण जात नाही. एजंटानं कपाळाला हात लावला. पण सांगणं शहाणपणाचंही असतं आणि कायद्याचंही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणं घेणाऱ्याला सहज दिसणार नाही आणि विकणाऱ्याला माहीत आहे असा मोठा दोष विकणाऱ्यानं सांगायचा असतो. डिसेंबरमध्ये लपवलेली ओल जूनमध्ये फोन करतेच.

कागदांचं सगळं इथं सांगत बसत नाही, ते काम वकिलाचं. दोनच गोष्टी सांगतो, कारण सौदे तिथं अडलेले बघितलेत. एक, प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचं नाव असतं आणि बहिणींना कुणी विचारलेलंच नसतं. बहिणीची सही हवी किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, आणि ते गिऱ्हाईक दारात आल्यावर मागायला गेलं की भाऊ-बहिणीत नको ते होतं. आधी बसून बोला. दुसरी गोष्ट गडाखालच्या फार्महाऊसवाल्यांसाठी: जमीन अजून शेतीची असेल, एन.ए. म्हणजे बिगरशेती झाली नसेल, तर घेणारा शेतकरी असावा लागतो. मुंबईचा कितीही पैसेवाला आला तरी त्याच्याकडं सात-बारा नसेल तर बोलणी तिथंच थांबतात. भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारच्या अटींवर मिळालेली जमीन असेल तर आणखी वरची परवानगी. आणि जाहिरात देण्याआधी सरकारी मोजणी करून घ्या. डोंगरावर शेजाऱ्याचा गडगा दर पिढीत वीतभर सरकलेला असतो.

शेवटी बिलं. "पक्कं बिल नको, रेट कमी करा" हे मी दिवसभर ऐकतो. घर विकायचं असेल तर तसं करू नका. घर २४ महिन्यांपेक्षा जास्त तुमच्याकडं असेल तर नफ्यावर दीर्घ मुदतीचा भांडवली नफा कर लागतो, सध्या साडेबारा टक्के. घर २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असेल तर महागाईची सूट घेऊन वीस टक्क्यांनी हिशोब करायचाही पर्याय आहे. सी.ए.कडनं दोन्ही मांडून घ्या. नवं छप्पर, धारण भिंत, नवी पाइपलाइन असा घरात कायमची भर घालणारा खर्च नफ्यातनं वजा मागता येतो, पण बिल असेल तर. नुसत्या रंगरंगोटीला ती सवलत मिळत नाही, मी रंग विकत असलो तरी. वडिलांकडनं आलेलं घर असेल तर त्यांनी काय किमतीला घेतलं ते कागद शोधा. २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, त्यासाठी नोंदणीकृत व्हॅल्युअरचा दाखला काढून ठेवा. आणि सौदा ५० लाख किंवा त्यापुढचा असला की घेणारा एक टक्का टी.डी.एस., म्हणजे आगाऊ कर, कापून बाकीचे पैसे तुम्हाला देणार, तो एक टक्का त्यानं गिळला असं समजून भांडायला जाऊ नका, रिटर्नमध्ये तो मिळवून घेता येतो.

कामाला माणसं फेब्रुवारीत मिळतात. मेच्या शेवटी पन्हाळ्यावर गवंडी शोधायला गेलात तर सगळे कुणाच्या ना कुणाच्या छपरावर असतात, आणि मजुरी तेच ठरवतात.