जिंकलेले पैसे अडकतात तेव्हा: माझा अनुभव

विड्रॉवल टाकलं आणि त्याच्यापुढे ‘पेंडिंग’ लागलं ते लागलंच. ऑनलाइन कॅसिनोत स्लॉट मशीनच्या खेळावर मोठी रक्कम लागली होती. साइटचा परवाना ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनचा होता आणि ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा हे सगळं खातं उघडतानाच देऊन झालं होतं. तरी पुन्हा पासपोर्ट मागितला, बँकेचं स्टेटमेंट मागितलं, मधले आकडे झाकून कार्डाचा फोटो मागितला, वर पैसा कुठून आला याचा पुरावाही मागितला. ब्रिटिश परवान्यात 2019 पासून अट आहे की ओळखीची जी माहिती आधीच मागता आली असती, ती ऐन पैसे काढताना आडवी घालायची नाही. हे मी त्यांना लेखी कळवलं, आणि कागदही पाठवले. पैशाच्या स्रोताची चौकशी मनी लाँडरिंगच्या नियमांत बसते, तिथे हट्ट धरून फायदा नसतो. ‘ग्राहक सहकार्य करत नाही’ असं एकदा फायलीत गेलं की त्यांना आयतंच कारण मिळतं.

कागद पास झाले आणि मग खरं कारण बाहेर आलं. बोनस चालू असताना कमाल पैजेची अट मोडली, म्हणून जिंकलेली रक्कम रद्द. भरलेले पैसे तेवढे परत. अट अशी होती: बोनसच्या 35 पट रकमेचं वेजरिंग (म्हणजे बोनस काढता येण्याआधी तेवढ्या रकमेच्या पैजा लावणं) पुरं होईपर्यंत एका स्पिनला, म्हणजे स्लॉटच्या एका फेरीला, 5 पौंडांपेक्षा जास्त लावायचे नाहीत. (तेव्हा हे सगळं चालायचं. आता ब्रिटनमध्ये ऑनलाइन स्लॉटवर 5 पौंडांची कायदेशीर मर्यादाच आहे, एप्रिल 2025 पासून. आणि वेजरिंगही जानेवारी 2026 पासून 10 पटीच्या वर नेता येत नाही.) मोठे स्पिन मी लावले होते, यात वाद नव्हताच. पण ते वेजरिंग संपल्यावर लावले होते. ‘अभिनंदन, बोनसची रक्कम आता तुमची’ असा मेल आला, त्यानंतर.

लाइव्ह चॅटवर हे सांगून पाहिलं. तिथला माणूस बिचारा ठरलेली वाक्यं चिकटवत होता. नियम 8.4 पाहा, संबंधित विभाग बघतोय, आपल्या संयमाबद्दल आभार. चॅटवर भांडून कुणाचे पैसे सुटल्याचं मी ऐकलेलं नाही. चॅट जपून ठेवलं आणि विषयात ‘औपचारिक तक्रार’ असं लिहून मेल टाकला. मुद्दे थोडेच: कोणतं कलम, नेमके कोणते स्पिन, किती वाजता. सोबत वेगळ्या मेलने माझ्या खात्याचा सगळा डेटा मागितला. डेटा संरक्षण कायद्याने तो हक्क आहे, फी लागत नाही, आणि कंपनीला साधारणपणे महिन्याच्या आत द्यावा लागतो. कॅसिनोशी भांडणाऱ्या माणसाच्या हातात याहून धारदार हत्यार नाही असं माझं मत झालंय.

डेटा आला तो दोन फायलींत. एक कॅसिनोच्या वॉलेटची: डिपॉझिट, बोनस, वेजरिंग, बॅलन्स. दुसरी गेम बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरची: प्रत्येक स्पिन, त्याचा राउंड नंबर, किती लावले, किती आले. वॉलेटच्या फायलीत ‘वेजरिंग पूर्ण’ ही नोंद 22:14 ची. गेमच्या फायलीत माझे मोठे स्पिन 21:31 पासून पुढे. म्हणजे कागदावर मी खरंच दोषी! पाऊण तास आधीच अट मोडलेली.

मग राउंड नंबर जुळवत बसले. वेजरिंग संपायच्या जरा आधीचा एक लहानसा स्पिन दोन्ही फायलींत सापडला. नंबर तोच, रक्कम तीच. गेमच्या फायलीत वेळ 21:13:40, वॉलेटच्या फायलीत 22:13:41. बरोबर एका तासाचा फरक. गेमचा सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर चालत होता आणि वॉलेट ब्रिटिश उन्हाळी वेळेवर, जी तासभर पुढे असते. कुणीतरी दोन घड्याळं शेजारी ठेवून एकच असल्यासारखी वाचली होती. माझे मोठे स्पिन वॉलेटच्या वेळेने 22:31 चे होते. वेजरिंग संपून सतरा मिनिटं झाली होती.

त्या दोन ओळी पिवळ्या करून पाठवल्या. उत्तर आलं, ‘पुनरावलोकनानंतर निर्णय कायम, हे आमचं अंतिम उत्तर.’ घड्याळाबद्दल अक्षर नाही. अर्थात ‘अंतिम उत्तर’ मला हवंच होतं. ते मिळालं की, किंवा तक्रारीला आठ आठवडे उलटले की, प्रकरण त्रयस्थ निवाडा संस्थेकडे नेता येतं. आयबास, इकोग्रा ही त्यातली माहितीतली नावं. आपल्या साइटची संस्था कोणती ते तिच्या टर्म्समध्ये दिलेलं असतं. खेळाडूला खर्च नाही. बरेच जण थेट कमिशनला पत्रं लिहीत बसतात, पण कमिशन एकेकट्याच्या पैशाचा निकाल देत नाही.

अर्जाला मी बेटफ्रेड या ब्रिटिश सट्टा कंपनीविरुद्धच्या 2021 च्या निकालाचा हवाला जोडला. ब्लॅकजॅकवर लागलेले 17 लाख पौंड कंपनीने सॉफ्टवेअरमधला दोष सांगून अडवले होते. कोर्टाने कंपनीची कलमं पुरेशी स्पष्ट नाहीत आणि ती ग्राहकाच्या नीट नजरेस आणलेली नाहीत, असं म्हणत खेळाडूच्या बाजूने निकाल दिला. माझ्या प्रकरणाला त्याची फारशी गरज नव्हती, पण अंगात बळ आलं. याच काळात ‘आगाऊ फी द्या, अडकलेले पैसे काढून देतो’ म्हणणारेही भेटले. त्यांना उत्तरसुद्धा देऊ नये.

संस्थेने कॅसिनोकडे खुलासा मागितला आणि लगेच कॅसिनोचा मेल: सद्भावना म्हणून निम्मी रक्कम देतो, तक्रार मागे घ्या. मी नाही म्हटलं. निम्म्यावर तडजोड करावी असा संशय माझ्या हिशेबात कुठे उरलाच नव्हता.

निकाल दोन पानांचा आला. वेळेतला फरक मान्य, कलम लागू होत नाही, पूर्ण रक्कम द्यावी. उशिराबद्दल व्याज मागितलं होतं, ते नाकारलं. पैसे बँकेत जमा झाले. ती चूक कुणाची आणि कशी झाली, याबद्दल कॅसिनोने आजतागायत एक ओळ लिहिलेली नाही.