नंबर काढायला गेलो होतो

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी दिवाणजी आहे. हळदीचा सौदा झाला की वजनाच्या चिठ्ठ्या माझ्याकडं येतात आणि त्यावरून मी शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे पैशाचा पक्का हिशेब, करतो. गेल्या हंगामात ५१ किलोचं पोतं मी ५९ वाचलं. मराठी १ आणि ९ मध्ये फरक तो केवढा, एका शेपटीचा. मालक काही बोलले नाहीत, पण शेतकरी हसून म्हणाला, "दिवाणजी, चाळिशी लागली की ओ!"

लागलीच होती. वय ४६. त्याआधी एका चष्म्याच्या दुकानात 'कंप्युटरवर' पाच मिनिटांत नंबर काढून घेतला होता. तो चष्मा घातला की दुपारपर्यंत कपाळ ठणकायचं. शेवटी बायको म्हणाली, "नंबर नको, डोळे दाखवा." आमच्याकडं दुखलं की मिरज गाठायची पद्धत जुनी आहे. तिथलं मिशन हॉस्पिटल १८९४ सालचं. पण मला सांगलीतच विश्रामबागेतल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडं वेळ मिळाली. सकाळी साडेदहाला स्कूटर काढली, बाराला परत दुकानात येतो असं सांगून.

पहिली दहा मिनिटं तिथल्या मदतनीस मुलीचे नुसते प्रश्न. बीपी, शुगर, कुठली गोळी चालू आहे, दम्यासाठी किंवा कातडीसाठी स्टिरॉइड घेतलंय का, डोळ्याला कधी मार लागलाय का. मग, "घरात कुणाला काचबिंदू?" मी म्हणालो, वडलांना होता. त्या मुलीनं लिहिता लिहिता मान वर केली आणि त्या ओळीखाली रेघ मारली. आमच्या दादांना, म्हणजे वडलांना, मोतीबिंदू आहे असंच सगळे समजत होते. "पिकू दे, मग काढू" असं म्हणता म्हणता एक डोळा गेला. मोतीबिंदू काढून नजर परत येते. काचबिंदूत गेलेली येत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं.

मग मशिनवर हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं. आत एक लांब रस्ता आणि त्याच्या टोकाला रंगीत फुगा. फुगा मध्येच धूसर होतो, मग स्पष्ट. दुकानातला 'कंप्युटर' म्हणजे हेच यंत्र. मला वाटलं झालं काम. पण इथं त्या आकड्याला कच्ची चिठ्ठी समजतात, पक्की पट्टी पुढं बनते.

शेजारच्या मशिनवर डोळ्यावर वाऱ्याची फूक मारतात, डोळ्यातला दाब बघायला. दुखत नाही, पण दचकायला होतं. पहिल्या फुकेला दचकलो, दुसऱ्यावेळी आधीच श्वास धरून डोळा आवळून बसलो. डावा आला २२. साधारण १० ते २१ ठीक समजतात म्हणे. दाब वाढला की काचबिंदूची भीती, माझ्या पोटात गोळा आला. ती म्हणाली, "काका, आवळला की जास्त येतो. डॉक्टर परत बघतील."

अक्षरांचा तक्ता पाठीमागं आणि समोर आरसा होता. तक्ता सहा मीटरवर हवा आणि खोली लहान, म्हणून आरशातून बघायचं. एक डोळा झाकून वाचलं. दुसऱ्या डोळ्याला तीच ओळ आली तेव्हा मला पाठ झाली होती आणि शाळेतल्यासारखी धडाधड म्हणून टाकायचा मोह झाला. म्हटली असती तर चष्मा माझाच बिघडला असता. नंतर नाकावर लोखंडी चौकट आणि त्यात एकेक काच. "हे बरं की ते बरं?" बरेचदा दोन्ही सारखंच दिसतं आणि आपण उगाच घाबरतो. सारखं दिसलं तर सारखं म्हणायचं, तेही उत्तरच आहे. मला आडवा नंबरही (काच ठरावीक कोनात बसवावी लागते तो) निघाला, तो आधीच्या चष्म्यात चुकीच्या कोनात बसला होता. कपाळाचं कोडं तिथं सुटलं.

एक शहाणपण मात्र मी केलं होतं. यार्डातल्या दोन चिठ्ठ्या खिशात नेल्या होत्या. रजिस्टर किती लांब ठेवता, कंप्युटर किती, असं त्यांनी विचारलं आणि त्या अंतरावर चिठ्ठी धरून वाचायला लावली. जवळचा नंबर त्यावर ठरला.

आत डॉक्टरीणबाईंनी आधी उभ्या झिरीच्या उजेडात पापण्या, बुबुळ, आतलं भिंग बघितलं. मग डोळा बधिर करायचा थेंब, पिवळा रंग आणि निळा दिवा लावून दाब परत मोजला. डावा १७, उजवा १६. माझा श्वास सुटला तो त्यांनाही ऐकू गेला असणार.

"आता बाहुली मोठी करायचे थेंब घालू. गाडीवर आलाय?" मी होय म्हणालो, आणि हेही म्हणालो की थेंब पुढच्या खेपेला घाला, दुकानात वाट बघतायत. त्या शांतपणे म्हणाल्या, "वडलांना काचबिंदू होता ना? मग मला आतली नस नीट बघायला हवी, काचबिंदू तीच खातो." भाच्याला फोन केला.

थेंब झोंबतात. थोड्या वेळानं घशात कडू चव उतरते, कारण डोळ्यातलं पाणी नाकातून घशातच जातं. अर्धा-पाऊण तास डोळे मिटून बाकावर बसायचं, मध्ये मध्ये पुन्हा थेंब. मग डॉक्टरांनी डोक्याला दिवा बांधला, हातात भिंग घेतलं आणि हरिपूरच्या पेवात, जमिनीखालच्या हळदीच्या कोठारात, बॅटरी मारून माल बघायचे तसं आत बघू लागल्या. वर बघा, उजवीकडं, खाली, नाकाकडं. उजेड इतका की डोळ्यांतून धारा. त्या झोतात मला क्षणभर पान गळलेल्या झाडाच्या फांद्या दिसल्या. विचारलं तर म्हणाल्या, त्या तुमच्याच पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांच्या सावल्या. अंगातल्या रक्तवाहिन्या चिरफाड न करता थेट बघता येतात त्या इथं, म्हणून बीपी-शुगरचे चट्टेही इथं दिसतात.

माझा पडदा चांगला निघाला. नसेच्या मधला खळगा किती, तेवढं मोजून कागदावर लिहिलं, दर वर्षी त्याच्याशी ताडून बघायला. काचबिंदूत बहुतेकदा कडेची नजर आधी जाते, दुखत काहीच नाही, त्यामुळं माणसाला पत्ता लागत नाही. "भाऊ-बहीण आहेत? त्यांनाही तपासायला सांगा."

बाहेर पडलो तेव्हा दीड वाजला होता. विश्रामबागेचं ऊन असं अंगावर आलं की मी परत दारात शिरलो. काळा चष्मा न्यायला हवा होता. लांबच्या पाट्या भगभगीत, हातातली पावती नुसती पांढरी. पैसे किती घेतले तेही भाच्यानंच वाचून सांगितलं. हे चार-पाच तास चालतं, माझं संध्याकाळचे दिवे लागेपर्यंत चाललं. दुकानात त्या दिवशी गेलोच नाही.

स्कूटरवर मागं बसूनच ताईला फोन लावायला गेलो तर मोबाईलवर तिचं नाव दिसेना. गाडी कडेला घेऊन भाच्यानं लावून दिला. आईच ना त्याची.

"मला कशाला? मला लांबचं सगळं झकास दिसतंय," ताई म्हणाली.

"दादांनाही दिसत होतं," मी म्हणालो. "मंगळवारी साडेदहाची वेळ घेतलीय. पोरगा सोडायला येईल."