परभणी ते संभाजीनगर: फिटनेस स्पर्धेला काय घालावं, काय घरी ठेवावं

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी आणि माझ्या नणंदेची मुलगी संभाजीनगरला फिटनेस स्पर्धेत उतरलो. माझं वय ४१, तिचं २२. दोघींचीही पहिलीच वेळ. परभणी, सेलू, जिंतूरकडून पुढच्या वेळी ज्या बायका-मुली जातील त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. व्यायाम कसा करायचा हे सांगणारे आम्हाला पुष्कळ भेटले. अंगावर काय घालायचं हे मात्र कुणी सांगितलं नाही, आणि आमचे हाल झाले ते तिथेच.

स्पर्धा हायरॉक्सच्या धर्तीवरची होती. हायरॉक्स २०१७ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गला सुरू झालं आणि २०२५ मध्ये मुंबईत आलं. त्यात एक किलोमीटर धावायचं, मग एक कसरत, असं आठ वेळा. आधी स्की मशीन (उभं राहून दोऱ्या खाली ओढायच्या), मग स्लेड म्हणजे वजन लादलेली घसरगाडी ढकलणं आणि ओढणं, बर्पी (जमिनीवर पालथं पडून उठायचं आणि उडी मारायची) मारत पुढे जाणं, रोईंग म्हणजे वल्हवायचं मशीन, दोन्ही हातांत वजन घेऊन चालणं, खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन लंजेस (लांब पाऊल टाकून गुडघा टेकवत चालणं), शेवटी वॉल बॉल, म्हणजे जड चेंडू भिंतीवर उंच फेकणं. आमच्याकडे अंतरं आणि वजनं कमी केली होती, पण क्रम तोच. कपड्यांचा पेच या क्रमातच आहे. धावायला जे चालतं ते वजन उचलायला चालत नाही, आणि वजनाला जे चालतं ते धावताना टोचतं.

माझे वडील नांदेड ४४ हे कापसाचं वाण लावायचे. कापसाच्या गाडीवर बसून मी लहानाची मोठी झाले. उन्हाळ्यात सुतीच घालावं हे आमच्या अंगात मुरलेलं. म्हणून सराव सुरू केला तो सुती टी-शर्टवरच. पंधरा दिवसांत दोन्ही काखांत आणि ब्राच्या पट्टीखाली कातडी सोलवटली. तेव्हा आमच्या किराणा दुकानातला काटा कामाला आला. सुती टी-शर्ट कोरडा असताना १७० ग्रॅम भरला, तासाभराच्या सरावानंतर ३६० ग्रॅम. भाचीचा पॉलिस्टरचा टी-शर्ट १२० वरून १८० वर गेला. कापसाचा धागा पाणी आत शोषून घेतो. नेहमीच्या हवेतसुद्धा तो स्वतःच्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा धरून असतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. पॉलिस्टरवर घाम पसरतो आणि वाऱ्याने उडून जातो. शेतात, बाजारात, सावकाश चालताना आपल्या कोरड्या उन्हात सैल सुती कपड्यासारखं सुख नाही, हे मी आजही म्हणेन. पण जिथे कापड एकाच जागी हजारदा घासणार आहे तिथे ओलं सूत कातडी सोलतं.

बायकांच्या कपड्यांत सगळ्यात आधी पैसे घालायचे ते स्पोर्ट्स ब्रावर. टी-शर्ट दोनशेचा चालेल, ही वस्तू स्वस्तातली घेऊ नका. आधार खांद्याच्या पट्ट्यांपेक्षा खालच्या रुंद पट्टीचा असतो. ती पट्टी घट्ट बसली पाहिजे आणि तिच्याखाली दोन बोटंच जातील एवढी जागा हवी. दुकानात घालून बघा, हात वर करा, जागच्या जागी वीस उड्या मारा. पट्टी वर सरकली तर ती आपली नाही. दुकानदार काय म्हणेल याचा संकोच मीही केला होता आणि पहिली ब्रा तशीच आणली. ती कपाटात पडून आहे.

लेगिंग्ज घेताना उजेडाकडे पाठ करून खाली बसायचं आणि मागून कुणाला तरी बघायला सांगायचं. ताणल्यावर पारदर्शक होणारं कापड लंजेसमध्ये फजिती करतं. कमरेला आत नाडी असलेली, उंच कमरेची, घोट्यापर्यंतची घ्या. आम्हाला पूर्ण पाय झाकणारी हवी होती ती घरच्यांसाठी. पण मैदानावर मुरूम होता आणि बर्पीत गुडघे टेकले तेव्हा तीच लांबी कामाला आली. अगदी काळा रंग उन्हात तापतो, फिक्या राखाडीवर घामाचे डाग उठून दिसतात. गडद निळी आम्हा दोघींना सोयीची वाटली.

बुटांनी सगळ्यात जास्त डोकं खाल्लं. माझ्याकडे सकाळच्या धावण्याचे जाड, मऊ तळव्याचे बूट होते. धावताना छान, पण खांद्यावर वाळूची पिशवी आली की टाच त्या फोममध्ये डुगडुगायची. मग व्यायामशाळेतल्या एकाचं ऐकून अगदी सपाट, कडक तळव्याचे बूट घातले. लंजेस जमले, पण दुसऱ्या किलोमीटरला पोटऱ्या भरून आल्या. शेवटी मधला प्रकार मिळाला: तळवा फार जाड नाही, टाच पुढच्या भागापेक्षा थोडीशीच उंच, खाली पूर्ण रबर. स्लेड ढकलताना सगळा जोर पुढच्या पंजावर येतो, तळवा गुळगुळीत असेल तर पायच मागे घसरतो. जुने झिजलेले बूट त्यासाठीच नकोत.

बूट संध्याकाळी घ्यावेत, दिवसभरात पाय थोडे फुगतात. स्पर्धेचेच मोजे घालून घ्यावेत, अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवावी. मोजे सुती नकोत. ओले मोजे म्हणजे फोड ठरलेलेच. आणि नवे बूट थेट स्पर्धेला नेऊ नका. मी सहा वेळा धावून आले तेव्हा कुठे उजव्या टाचेला टोचायचं थांबलं.

आता खास आपल्या बायकांचं. जोडवी घालून धावता येत नाही. बुटात बाजूची बोटं चिमटतात, आणि हातात वजन घेऊन चालताना तर प्रत्येक पावलाला कळ येते. बांगड्या वजनाच्या दांड्यावर आपटतात, मंगळसूत्र वाळूच्या पिशवीखाली सापडतं. मला हे सासूबाईंना कसं सांगावं कळत नव्हतं. सरावानंतर माझी बोटं लाल झालेली त्यांनी पाहिली, काही न बोलता साबण आणला आणि जोडवी स्वतःच्या हाताने काढली. "आल्यावर घालजो," एवढंच म्हणाल्या.

सगळं जमलं की एकदा रंगीत तालीम करा. तेच कपडे, तेच बूट, तीच वेणी, स्पर्धेचीच वेळ. कुठे घासतं ते अर्ध्या तासात कळतं. तिथे स्पर्धेच्या दिवशी आधीच पेट्रोलियम जेली लावायची. माझ्या बाबतीत काखा, मांड्यांची आतली बाजू आणि ब्राची पट्टी.

आम्ही शनिवारी तपोवन एक्स्प्रेसने निघालो. जालन्याच्या पुढे गेल्यावर भाचीच्या लक्षात आलं की तिचे मोजे दोरीवरच राहिले. संध्याकाळी निराला बाजारात नवे घेतले, धुवायला वेळ नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी डाव्या करंगळीला फोड आला. स्पर्धेचं सामान वेगळ्या पिशवीत, गाडीत डोक्याशी ठेवा. राहायला स्टेशनजवळ स्वस्त मिळतं, पण मैदान गारखेड्याकडे होतं आणि पहाटे रिक्षासाठी ताटकळलो. पुढच्या वेळी मी मैदानाजवळच राहीन. आदल्या रात्री भाकरी, वरण, थोडा भात. शहरात आलोच आहोत म्हणून नान खलियाकडे मन ओढत होतं, ते रविवार दुपारवर ठेवलं आणि खाल्लंही.

सकाळी सहाला चांगलाच गारवा होता. आम्ही दोघी जुन्या सुती शर्टात कुडकुडत उभ्या. सामान ठेवायची खोली छोटी, तिच्यासमोर लांबच लांब रांग, बायकांना कपडे बदलायला पडद्याचा एकच आडोसा. त्यामुळे घालायचं ते खोलीवरूनच घालून जा. वरून एक सैल शर्ट, तोही गमावला तरी चालेल असा. आयोजकांनी छान रंगाचा टी-शर्ट दिला होता, सुती आणि जाड. मी माझाच ठेवला. भाचीला फोटोसाठी तोच हवा होता. तिसऱ्या फेरीत ती माझ्या शेजारून जाताना म्हणाली, "मामी, पार अंगाला चिकटायलाय ह्यो." पुढे तो वर गोळा होत राहिला आणि वॉल बॉलच्या वेळी ती एका हाताने टी-शर्ट खाली ओढत होती. दिलेला टी-शर्ट फोटोला घाला आणि मग काढून ठेवा.

क्रमांकाच्या कापडाला चार टाचण्या लागतात, तिथे दोनच मिळाल्या. घरून घेऊन जा. छातीवर लावू नका, बर्पीत टाचण्या टोचतात. पोटाच्या जरा वर लावा. वेळ मोजायची चिप घोट्याला बांधतात, ती मोज्यावरून बांधा, उघड्या कातडीवर नको. हातमोज्यांनी माझी पकड उलट सैल झाली, काढून खिशात टाकले. मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पावडर बरी पडली, घामट हात त्याने कोरडे राहतात. गुडघ्याचे जाड पट्टे धावताना वाकू देत नाहीत. दुखणं नसेल तर नकोतच, हवेच असतील तर पातळ घ्या. केसांना दोन रबर लावा, एक तुटतंच. पाळीची तारीख जवळ असेल तर सोय आधीच करून ठेवा, मैदानावर काही मिळत नाही. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलंय तेवढ्या पूर्ण पाण्यातच घालायचं, कमी पाण्यात नाही.

साडेनऊनंतर ऊन चढलं. शेवटचे वॉल बॉल मारताना मला कपड्यांची आठवणसुद्धा झाली नाही, आणि मला हवं होतं ते एवढंच.

परतीच्या गाडीत आधी सुती पंजाबी ड्रेस अंगावर घेतला. घामाचे कपडे प्लास्टिकमध्ये घट्ट बांधू नका, वास बसतो. घरी आल्या आल्या गार पाण्यात काढा, सॉफ्टनर नको, ब्रा सावलीत वाळवा, नाहीतर इलॅस्टिक ढिलं पडतं. रात्री सासूबाई जोडव्यांची डबी घेऊन बसल्या, पण माझी बोटं सुजलेली होती. जोडवी सोमवारी संध्याकाळी चढली.