देवगिरी १:५०० : कडा अखेर उभा राहिला

मंडळी, परवा रात्री दीड वाजता कडा जुळला. चार महिने ज्याच्यापायी माझ्या देवगिरीच्या (म्हणजे दौलताबाद किल्ल्याच्या) १:५०० मॉडेलचं सगळं काम अडून बसलं होतं, तो ताशीव कातळ स्क्रीनवर एकसंध दिसला, कुठेही न फाटता. खरं तर दिवाळीनंतरच लिहिणार होते, पण हे पोटात ठेवणं शक्य नाही.

मागच्या वेळी मॉडेलच्या पाटापर्यंतचं सांगितलं होतं. चार बाय चार फुटांचा प्लाय, त्यावर फक्त डोंगर, खंदक आणि वरचं बांधकाम. महाकोट, अंबरकोट हे बाहेरचे तट पुढच्या टप्प्यात, त्यामुळे चांद मिनारही पुढे. काळ कुठला दाखवायचा यावर तेव्हा इथे बरीच चर्चा झाली होती. मी ठाम आहे: किल्ला आज दिसतो तसाच करायचा. म्हणजे शाहजहानच्या वेळची बारादरीही येणार.

आता अडलं कुठे ते सांगते. डोंगर पायथ्यापासून साधारण २०० मीटर, म्हणजे पाटावर ४० सेंटिमीटर. त्यातला खालचा सुमारे ५० मीटर भाग यादवांनी तासून सरळ उभा केलेला, म्हणजे १० सेंटिमीटर. मॉडेलचा जीव या १० सेंटिमीटरमध्ये आहे. आणि मी सुरुवात केली ती २००० सालच्या अवकाश शटल मोहिमेत मोजलेल्या जमिनीच्या उंचीडेटावर. आपण सगळे तोच वापरतो. राजगड, तोरणा अशा मोठ्या पसाऱ्याच्या डोंगरांना तो छान चालतो. पण त्याचा एक पिक्सेल ३० मीटरचा, म्हणजे माझ्या पाटावर तब्बल ६ सेंटिमीटर! खंदकाची अख्खी रुंदी एका पिक्सेलच्या पोटात जाते आणि कड्याचा वरचा काठ व तळ शेजारशेजारच्या पिक्सेलमध्ये मिसळून जातात. डेटाच्या लेखी देवगिरीला ना खंदक आहे ना कडा, आहे तो एक गुळगुळीत उतार.

तरीही हट्टाने एका दुकानातून आठ तुकड्यांत थ्रीडी प्रिंट काढून आणली. (त्यातले दोन तुकडे कोपऱ्यात वाकून आले आणि दुकानदाराने ते बदलून द्यायला साफ नकार दिला. पुढच्यांनी तुकडे तिथेच सपाट काचेवर ठेवून तपासावेत, मगच पैसे द्यावेत.) तुकडे जोडून ठेवले आणि भाचा बघायला आला. म्हणाला, "मावशी, ही तर भाताची मूद." पोराचं बरोबर होतं. या उतारावरून कोणीही चालत वर गेलं असतं.

आणि देवगिरीची सगळी गोष्टच अशी आहे की तिथे चालत वर जाता येत नाही. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी आला तेव्हा यादव राजा रामचंद्रदेवाने तह केला तो रसद संपल्यामुळे. धान्य म्हणून गडावर चढवलेल्या गोण्यांत मीठ निघालं, ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. १६३३ मध्ये मुघल सरदार महाबतखानाने बाहेरचे तट सुरुंग लावून उडवले, पण त्यानंतरही आतला किल्ला हातात आला तो आतल्यांनी स्वाधीन केला म्हणून. दोन्ही वेळा कडा होता तिथेच होता. चौदाव्या शतकात इब्न बतूता या प्रवाशाने लिहून ठेवलंय की वर जायला चामड्याची शिडी होती आणि रात्री ती वर ओढून घेत. शिडी ओढली की खाली उरते ती नुसती भिंत. मॉडेल बघणाऱ्याच्या मनात हीच भिंत उभी राहायला हवी.

मग फोटोग्रॅमेट्री, म्हणजे खूप फोटोंवरून सॉफ्टवेअरने त्रिमिती आकार उभा करणं. ड्रोनचा विचारच नव्हता. संरक्षित स्मारक आहे, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवानगीशिवाय ड्रोन नाही, ट्रायपॉडही नाही, आणि तो नियम मला पटतो. हातात कॅमेरा घेऊन खंदकाच्या बाहेरच्या काठाने जिथवर जाता येतं तिथवर जायचं, दर दोन पावलांना एक फोटो. पहिल्या खेपेला चारशेवर फोटो काढले. घरी येऊन सॉफ्टवेअरमध्ये चढवले तर कड्याचे दोन वेगवेगळे तुकडे झाले. एक सकाळच्या उन्हातला, दुसरा दुपारच्या. मधल्या कोपऱ्यावर, जिथे कातळ वळतो, तिथे सरळ भगदाड. सेटिंग बदलून सहा वेळा चालवलं, दर वेळी भगदाड तिथेच. हातानेही जोडून पाहिलं, तर दुसरा तुकडा दोन अंशांनी बाहेर कलायचा. दोन अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ५० मीटर उंचीवर तेवढ्याने वरचा काठ पावणेदोन मीटर सरकतो.

दोष उन्हाचा होता. ताशीव कातळावर छिन्नीच्या खुणा असतात, त्यांच्या सावल्या पडतात. सॉफ्टवेअर त्या सावल्याच ओळखखुणा म्हणून धरत होतं. दुपारी सावली उलट्या बाजूला गेली की त्याच्या लेखी तो दगडच वेगळा! हे लक्षात यायला मला दोन महिने लागले. ज्यांनी तटबंदीवर काम केलंय त्यांना हा त्रास कमी होतो, कारण चिऱ्यांचे सांधे ऊन कसंही असलं तरी तेच राहतात. अखंड कातळाला सांधे नाहीत.

उपाय सापडला तो पावसाळ्याच्या शेवटी. कड्यावरून पाणी ओघळून काळे-करडे पट्टे पडलेत. ते सावलीचे नाहीत, कातळावर बसलेले डाग आहेत, त्यामुळे ते हलत नाहीत. ढगाळ दिवस गाठला, एक्सपोजर लॉक केलं आणि सगळी फेरी एका दमात पुरी केली. मापासाठी खंदकाच्या काठावरून समोरच्या कड्यापर्यंत लेझर मीटरने सात ठिकाणी अंतरं घेतली. (काळ्या दगडावर भर उन्हात लाल ठिपका दिसतच नाही, म्हणून हेही ढगाळ हवेतच करा.) सातही अंतरं मॉडेलशी ताडून पाहिली, सगळ्यात मोठा फरक एक वीत. १:५०० ला एक वीत म्हणजे अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. हे लिहितानाही फार बरं वाटतंय.

कापायला थर्माकोल नको, दाणे सुटतात. एक्सपीएस फोमच घ्या, त्याला दाणे नसतात. आणि बाजारात मिळणारा तयार हॉट वायर कटर उभ्या कापाला उपयोगाचा नाही. तार तापली की लांबते, ढिली पडते आणि कड्याला पोट येतं. मी लाकडी धनुष्य करून एका टोकाला स्प्रिंग लावली, त्यावर नायक्रोम तार. तार कितीही तापली तरी ताठ राहते. वरून पीओपीऐवजी वॉल पुट्टीचा पातळ हात दिला. ती सावकाश सुकते, तेवढ्या वेळात कोरता येते.

कोरायला बसले आणि तिथे थांबले. १:५०० ला छिन्नीची खूण दिसायलाच नको, ती दाखवली तर खोटी ठरेल. पण त्या खुणा मी दोन हातांवरून पाहिल्यात. अंधारीत, म्हणजे कातळातल्या काळोख्या भुयारी वाटेत, शिरताना डावीकडच्या दगडावर बोट ठेवलं तर तिरक्या रेघा लागतात, एकाखाली एक, आणि मध्येच कुणाच्या तरी नावाचा ताजा ओरखडा. एका माणसाने किती दिवस घाव घातले असतील, त्याच दगडावर कोणी किल्लीने नाव कोरून जातं. ओरखडा मॉडेलमध्ये येणार नाही, रेघा मात्र यायलाच हव्यात.

म्हणून बेत बदलतेय. अंधारीसाठी मोठ्या मॉडेलला सरकणारी फळी लावणार होते, ती रद्द. त्याऐवजी १:५० चा वेगळा छेद करायचा: खंदक, त्यावरचा पूल, कडा आणि अंधारीचा पूर्ण मार्ग, वरच्या तोंडाशी विस्तव पेटवायच्या लोखंडी झाकणापर्यंत. कडा एक मीटर उंच होईल, छिन्नीला जागा मिळेल. आतली मापं टेप आणि दोरीने घेणार. होकायंत्र नेऊ नका, बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, सुई भरकटते. प्रत्येक वळणाचा कोन दोन दोऱ्या ताणून कोनमापकाने घ्यायचा, पायऱ्या एकेक मोजायच्या. गर्दी नसलेला वार निवडला पाहिजे, आणि वटवाघळांना त्रास नको म्हणून हेडटॉर्च मंद ठेवायचा.

लिहिता लिहिता आणखी एक सुचलं. आता कड्याचा आणि खंदकाचा मेश, म्हणजे संगणकातला त्रिमिती आकार, हातात आहे, तर मूळ उतार कल्पून किती घनमीटर दगड काढला ते मोजता येईल. एवढा दगड कुठे वाहून टाकला असेल? माझा कयास, तो महाकोटाच्या तटात बसलाय. म्हणजे तटाचंही आकारमान काढायला हवं, म्हणजे महाकोट दुसऱ्या टप्प्यावर ढकलता येणार नाही, आधी निदान तटाची जाडी-उंची मोजून आणायची. ज्यांच्याकडे महाकोटाच्या तटाचे फोटो मापपट्टीसकट असतील त्यांनी कृपया पाठवावेत. तटाच्या चिऱ्यांवर छिन्नीच्या रेघा दिसत असतील तर तेवढे आधी.

काल कड्याचा पहिला पुरा तुकडा पाटावर चिकटवला. १:५०० ला माणूस साडेतीन मिलिमीटरचा होतो. डब्यातून तांदळाची एक कणी काढली आणि खंदकाच्या काठावर उभी चिकटवली. भाचा बराच वेळ हनुवटी पाटाला टेकवून बघत होता. मग म्हणाला, "मावशी, हा आता वर कसा जाणार?"