त्यातला तुमचा कोण?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बादली, काथ्याचा ब्रश आणि बांबूच्या कामट्या घेऊन रविवारी सकाळी निघालो, की कुणीतरी हटकतंच: "ह्या वीरगळांत तुमचा कोण आहे?" पाहुण्यांनी विचारलं, पारावरच्या मंडळींनी विचारलं, घरातून तर दर रविवारी विचारणा असते. उत्तर एकच, कुणी नाही. कुणी असता तर तेवढाच एक दगड धुऊन घरी आलो असतो.

लढताना पडलेल्या माणसाचा दगड तो वीरगळ. शब्द कानडी वळणाचा, 'कल्लु' म्हणजे दगड. तिकडच्या वीरगळांवर बरेचदा लेख असतो: राजा कोण, लढाई कुठली, पडला तो कोण. आपल्याकडचे बहुतेक मुके. ना नाव, ना गाव. त्यामुळे कुठल्याच भावकीला 'हा आमचा' म्हणता येत नाही, आणि ज्याचा कुणी नाही तो दगड गावात लवकर कामाला लागतो. देवळाची पायरी होतो, बांधात जातो, पारात चिणला जातो. नशीब असेल तर शेंदूर फासून वेताळ होतो. शेंदूर मी खरवडत नाही. त्या निमित्ताने का होईना, कुणी त्याला रोज हात जोडतंय.

दगड वाचायचा खालून वर. सगळ्यात खाली लढाई, आणि बहुतेक वेळा आडवा पडलेला वीर. त्याच्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत. त्याच्यावर तो शिवलिंगाची पूजा करतोय. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ह्याची कीर्ती. शेजारी कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा. तिथे मात्र मी निमूट पाणी ओततो, कौतुकाचे शब्द सुचत नाहीत.

बोरिवलीजवळ एकसरला वीरगळांवर चक्क गलबतांची लढाई आहे. शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या १२६५ च्या सुमाराच्या युद्धाशी अभ्यासक ती जोडतात. आमच्या सातारा भागात किकलीला भैरवनाथाच्या देवळापाशी वीरगळांची रांगच आहे. पण मला ओढ लागते ती खालच्या चौकटीत गाई असलेल्या दगडांची. कुणीतरी गुरं वळवून नेली, हा आडवा गेला आणि मेला. राजाबिजा काही नाही.

कामात शौर्य अजिबात नाही. आधी दगड नीट भिजवायचा, मग मऊ ब्रश, नक्षीच्या खाचेत कामटी. साबण नाही, ॲसिड नाही, ऑइलपेंट तर नाहीच. (जीर्णोद्धाराच्या उत्साहात चंदेरी रंग मारलेले वीर पाहिले की पोटात कालवतं.) तारेचा ब्रश का नाही, हे मी स्वतः गुन्हा करून शिकलो. पहिल्याच वर्षी एका घोड्याच्या तोंडावर दगडफुलाचे डाग होते. तेच, मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद. घासले तारेने. आठशे वर्षं पाऊस खाल्लेला घोडा, त्याला मी दहा मिनिटांत ओरखडे काढले. ते अजून पांढरे दिसतात. तिथे गेलो की मी त्या बाजूने उभा राहत नाही.

दगड हलवायचा तर आणखी जपून. शंभर वर्षांहून जुनं शिल्प १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, उचलून अंगणात आणायची सोय नाही. मी जागा, फोटो, मापं लिहून ठेवतो, ग्रामपंचायतीला आणि पुरातत्त्व खात्याला कळवतो, आणि वाट बघतो. ह्या छंदात धुण्यापेक्षा वाट बघणंच जास्त.

अशीच वाट बघून एका ओढ्याकाठचा दगड आम्ही पाचजणांनी पहारी लावून उलटा केला. पिढ्यान्‌पिढ्या त्यावर धुणं आपटलेलं, पाठ गुळगुळीत. पोटाची बाजू मात्र मातीत होती म्हणून ताजी राहिलेली: ढालीची कड, अप्सरांचे हात, खाली सहा गाई. रोज तिथे धुणं धुणाऱ्या आजी काठी टेकत आल्या. वीराकडे त्यांनी बघितलंही नाही. वाकून गाईंच्या शिंगांवरून बोट फिरवलं.

"खिल्लार हायती की रं!"

मग कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळल्या. "ते ऱ्हाऊ दे. आता मी धुणं कुटं धुवू?"

पुढच्या रविवारी बादलीबरोबर टेम्पोत एक शहाबादी फरशीही होती. ती आजींना पसंत पडली नाही, उतार चुकला म्हणाल्या. दुसरी आणली.