मोत्यांच्या फोटोंना एक बल्ब पुरतो

माझी आत्या मोत्यांचे दागिने करते. नथ, तन्मणी, चिंचपेटी. फोटो मी काढते, गिरगावातल्या आमच्या घरीच, फोनवर. ते पाहून ओळखीच्या बायका विचारतात, रिंगलाइट कुठला घेतलास? रिंगलाइट म्हणजे फोटोसाठीचा गोल कड्यासारखा दिवा. मी तो घेतलेला नाही, आणि मोत्यांसाठी कुणी घेऊही नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मोती गोल आणि चकचकीत. समोर जे असेल ते त्यात उमटतं. रिंगलाइट लावला की दाण्यादाण्यात पांढरं कडं दिसतं, उघडा बल्ब लावला की टोचणारं टिंब. तसा फोटो दाखवला की आत्या म्हणते, "अगं, हा प्लास्टिकचा वाटतोय. मोत्याचं पाणी कुठाय?" बरोबर आहे तिचं. मोत्याचं पाणी दिसतं ते उजेडाकडून सावलीकडे हळूहळू उतरत जाणाऱ्या छटेत. ती छटा हवी असेल तर उजेड मोठ्या पृष्ठभागावरून यायला हवा.

खिडकीचा उजेड तसाच असतो, म्हणून तो उत्तम. पण आमच्यासमोर टॉवर उभा राहिल्यापासून दुपारनंतर तो मिळत नाही, आणि पावसाळ्यात तर दर पाच मिनिटांनी बदलतो. म्हणून खिडकीच घरात तयार केली. लोहार चाळीतून १२ वॉटचा एलईडी बल्ब, होल्डर आणि पिन लावलेली वायर आणली. अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून ट्रेसिंग पेपरचा मोठा कागद आणि कार्डशीट. सगळं मिळून पाचशेच्या आत. स्टँड मात्र विकत घ्यायचा नाही. कपडे वाळत घालायचा स्टँड घरोघरी असतोच. त्याच्या दांडीला ट्रेसिंग पेपर चिमट्यांनी टांगायचा, बल्ब त्याच्या मागे हातभर अंतरावर. बल्ब कागदाला चिकटवला तर मधेच एक ठिपका पेटतो; थोडा मागे नेला की सगळा कागद उजळतो. कागद दागिन्याच्या जितका जवळ, तितकी सावली मऊ. हॅलोजन मात्र कागदाजवळ अजिबात नको, तो फार तापतो.

बल्ब घेताना खोक्यावर सीआरआय बघा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा. ९० किंवा जास्त असेल तर नथीतला लाल खडा लालच दिसतो. कमी सीआरआयच्या बल्बखाली तो विटकरी दिसू शकतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, रंग वेगळा पाठवलात. फोटो काढताना घरातली ट्यूब बंद आणि पडदा ओढलेला हवा. दोन तऱ्हेचे उजेड मिसळले की एक बाजू निळसर, दुसरी पिवळट होते आणि मग एडिटिंगमध्ये काही केल्या जमत नाही.

मागे काय ठेवायचं? पांढऱ्यावर मोती हरवतात. चकचकीत साटीन स्वतःच चमकतं. खण मला फार आवडतो, पण त्याच्या नक्षीपुढे नाजूक नथ दिसतच नाही. मी गडद हिरवं किंवा मरून मॅट कार्डशीट वापरते. वरची कडा भिंतीला चिकटवायची, खालचा भाग टेबलावर सोडायचा, मधे घडी न पाडता नुसता बाक. भिंत आणि टेबल यांच्यामधली रेघ नाहीशी होते. काळी मखमलही सुंदर दिसते, फक्त आधी हाताला सेलोटेप उलटी गुंडाळून तिच्यावरची कुसं टिपून घ्यायची.

उजेडाच्या समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला की सावलीतले मोतीही उमलतात. आणि मोत्याची कड पार्श्वभूमीत विरायला लागली तर दागिन्याच्या दोन्ही बाजूंना, फ्रेमच्या जरा बाहेर, काळ्या कागदाच्या पट्ट्या उभ्या करा. त्या मोत्यात उमटतात आणि प्रत्येक दाण्याला बारीक गडद कड मिळते. ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. तन्मणीचं खोड, म्हणजे मधलं पदक, त्या पट्ट्यांशिवाय मी काढतच नाही.

फोटोत आडवे पट्टे आले तर फोनच्या कॅमेऱ्यातल्या प्रो मोडमध्ये, जिथे सेटिंग हाताने ठरवता येतात, शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि या दोन वेगांना ते लुकलुकणं जुळतं. फोन टेकवून, टायमर लावून काढा. मोत्यात तुमचा चेहरा दिसत असेल तर एका काळ्या कार्डशीटला लेन्सएवढं भोक पाडून त्यातून फोटो घ्या.