वेडर्स लॉग, आठवडा तिसरा: पाठलाग बंद

मागचे दोन आठवडे मी वेडर्सच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांच्या, मागे मागे चिखल तुडवला आणि कॅमेऱ्याच्या कार्डात आल्या त्या फक्त उडून जाणाऱ्या पाठी, म्हणून यावेळी ठरवलं की आपण जागचं हलायचंच नाही, भरतीलाच पक्षी आणू द्यायचे. भरती पूर्ण व्हायच्या दोन तास आधी पोचलो, सूर्य पाठीशी घेतला आणि पालथा पडलो, कॅमेरा बीनबॅगवर, जमिनीपासून जेमतेम वीतभर. पहिला पाऊण तास काहीच नाही. मग पाणी चढत गेलं तसा चिखलाचा पट्टा आक्रसला आणि टिलवे, चिखल्या असे छोटे वेडर्स सगळे चरत चरत आपणहून पुढे सरकले, शेवटी एक कर्ल्यू सँडपायपर तर इतका जवळ आला की लेन्स फोकसच घेईना!

शटर १/१६०० सेकंदापेक्षा हळू नको, टिलव्याची चोच सतत वरखाली चालू असते. आणि जे काही करायचं ते सकाळीच, ऊन चढलं की चिखलावरची हवा लहरायला लागते, मग लेन्स कितीही महाग असू दे, पिसं विरघळल्यासारखीच येतात.

पण खरी मजा आत्ता, ऑगस्ट संपताना. स्थलांतर करून आधी आलेले प्रौढ पक्षी झिजलेल्या पिसांचे, पोटावर विटकरी रंगाची ठिगळं उरलेले. आता यंदाचीच पिल्लं यायला लागलीत, पाठीवरचं एकेक पीस कोरं करकरीत, त्याला फिकट कड, अगदी खवल्यांसारखी नक्षी. बऱ्याच जातींत आईबाप आधीच निघून गेलेले असतात आणि ही पोरं कधी न पाहिलेल्या वाटेने मागाहून येतात. २०२२ मध्ये माग काढणारा टॅग लावलेलं बार-टेल्ड गॉडविट या वेडरचं पाचेक महिन्यांचं पिल्लू अलास्काहून टास्मानियाला ११ दिवसांत न थांबता १३,५६० किमी उडालं होतं, हे आठवलं की व्ह्यूफाइंडरमधून नजर हटत नाही.

म्हणूनच, थव्याने चरणं थांबवून माना वर केल्या की मी शटरवरचं बोट काढतो. त्यांना पुढच्या प्रवासाची चरबी साठवायची असते, आपल्या एका फ्रेमसाठी त्यांना उडवायचं नाही.

घरी येऊन झूम केलं तर एका चिखल्याच्या पायात रंगीत फ्लॅग, म्हणजे पक्षी ओळखता यावा म्हणून अभ्यासकांनी लावलेली अक्षरांची पट्टी! अक्षरं चिखलाने झाकलेली, वाचताच येईनात. अमावास्येच्या उधाणाला परत तिथेच पडणार, तो अजून थांबलेला असू दे.